अटॅकचं बटण आणि बोरघाटाचं गणित

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत दोन मान असतात. एक अर्थातच पहिल्या नंबराचा. दुसरा ‘घाटाचा राजा’चा, म्हणजे खोपोली सोडल्यावर बोरघाट चढून जो सगळ्यांत आधी माथा गाठेल त्याचा. दोन्ही मान एकाच गड्याला मिळतीलच असं नाही. घाटात एकटा सुटलेला राजा देहूरोड-निगडीच्या सपाटीवर घोळक्याच्या हाती लागू शकतो. त्यात नशिबाचा भाग थोडा, हवेचा मोठा. हा हिशेब घाम न गाळता समजून घ्यायचा असेल, तर त्यासाठी एक व्हिडिओ गेम आहे.

गेमचं नाव ‘प्रो सायकलिंग मॅनेजर’. फ्रान्समधल्या सायनाइड स्टुडिओनं २००१ साली ‘सायकलिंग मॅनेजर’ बाजारात आणला आणि २००५ पासून तो या नव्या नावानं निघू लागला. सायनाइड उभा करणारी मंडळी आधी युबिसॉफ्टमध्ये होती. त्या युबिसॉफ्टचा एक स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, पण हा गेम काही पुण्यात घडलेला नाही. इथं खेळणारा सायकल चालवत नाही. तो संघाच्या गाडीत बसलेला मॅनेजर असतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, तेव्हा सायकलस्वारांच्या मागोमाग छतावर जादा सायकली बांधलेल्या मोटारी धावताना अनेकांनी पाहिल्या असतील. खेळणाऱ्याची जागा त्या मोटारीत.

पडद्यावर प्रत्येक स्वाराच्या नावाशी त्याच्या हृदयाचे ठोके आणि उरलेली ताकद दाखवणाऱ्या पट्ट्या असतात. सपाटी, डोंगर, उतार, स्प्रिंट, दम, थकवा भरून काढण्याची क्षमता अशा प्रत्येक गुणाला आकडा असतो. आज अंग साथ देतंय की नाही यालाही आकडा असतो. हाताशी हुकूम मोजकेच: घोळक्यात जागा धरून राहा, पुढं येऊन रिले दे (म्हणजे आपल्या पाळीचा वारा अंगावर घे), अमक्याचं व्हील सोडू नकोस, कप्तानाला वाऱ्यापासून झाक, मागं जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या आण, स्प्रिंटसाठी रांग लाव, आणि अटॅक.

नवखा खेळाडू पहिल्या चढालाच अटॅकचं बटण दाबतो. स्वार उसळतो, पाच-पन्नास मीटर पुढं जातो, लाल पट्टी भराभर रिकामी होते आणि शेवटच्या टप्प्यात गडी सगळ्यांच्या मागं लोंबकळतो. खेळाडूला वाटतं, गेमनं फसवलं. गेमनं फसवलेलं नसतं.

आधी घाट पाहू. खोपोली कोकणाच्या सपाटीवर, लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. चढाई ५०० मीटर धरू आणि सायकलसकट स्वाराचं वजन ७८ किलो. हे वजन अर्ध्या तासात वर न्यायचं तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी झुंजायला २१२ वॅट लागतात. टायरचं घर्षण आणि वारा मिळून आणखी पन्नास-पंचावन्न. एकूण २६५च्या आसपास. ताशी वीसच्या वेगाला वारा फार त्रास देत नाही, त्याचा वाटा साधारण एक अष्टमांश. म्हणून घाटात दुसऱ्याच्या मागं लपून फारसं काही वाचत नाही. इथं वजन आणि पाय यांचाच न्याय.

घाट संपला की कायदा बदलतो. कामशेत, वडगाव, तळेगाव करत जुना महामार्ग शहराकडं येतो आणि वेग ताशी ४०वर जातो. आता लागणाऱ्या २८५ वॅटपैकी जवळपास २४० एकट्या वाऱ्याचे. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनानं. त्यामुळे ४०चे ४५ करायचे, म्हणजे वेग फक्त साडेबारा टक्के वाढवायचा, तरी वाऱ्याचं बिल ४२ टक्क्यांनी फुगतं. पुढच्याच्या चाकामागं, हातभर अंतरावर राहिलं तर रोध तीसेक टक्के कमी होतो. म्हणजे सत्तर-ऐंशी वॅट फुकटात. ‘कप्तानाला झाक’ हा हुकूम सपाटीवर सोन्याचा आणि घाटात पितळेचा का, ते इथं कळतं.

अटॅकच्या पट्टीमागचं शास्त्रही जुनं आहे. १९६५ मध्ये मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी ‘क्रिटिकल पॉवर’ची कल्पना मांडली. प्रत्येक शरीराची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिलं तर बराच वेळ रेटता येतं. मर्यादा ओलांडली की एका ठरावीक शिलकीतून खर्च सुरू होतो, आणि शिलक संपली की मर्यादेच्या खाली यावंच लागतं. कसलेल्या सायकलपटूत ही शिलक साधारण २० किलोज्यूल. मर्यादा २८० वॅटची असेल आणि गडी ४८० वॅटनं सुटला, तर दर सेकंदाला २०० ज्यूल जादा जातात. शंभर सेकंदांत खडखडाट. हे उसने पैसे आहेत. फेडायचे तर वेग उतरवून दम घ्यावा लागतो, आणि फेड उचलीपेक्षा सावकाश होते. गेममध्ये याच शास्त्राची सूत्रं जशीच्या तशी आहेत असा दावा नाही, पण पट्ट्यांची चाल तीच.

आता घाटाच्या राजाकडं परत येऊ. फ्रेंच समालोचक आणि माजी सायकलपटू रोबेर शापात यांच्या नावानं एक ठोकताळा सांगतात: घोळक्यानं मनावर घेतलं तर तो पळालेल्यांची आघाडी दर दहा किलोमीटरला एक मिनिटानं कापतो. राजा ताशी ४०नं जात असेल, तर मागच्यांना फक्त ४३च्या जवळपास जायचं असतं. आळीपाळीनं पुढं येणाऱ्या आठ-दहा जणांना ते जड नाही. घाटमाथ्यापासून पुणं साधारण ६० किलोमीटर. म्हणजे राजाला माथ्यावरच सहा मिनिटांची आघाडी हवी. घोळक्यानं घाट ३० मिनिटांत चढला तर यानं २४ मिनिटांत. त्यासाठी लागतात ३६० वॅट, म्हणजे मर्यादेपेक्षा ८० जास्त, तेही २४ मिनिटं सलग. जादा खर्च ११५ किलोज्यूल, खिशात २०. बरोबरीच्या गड्यांत हे जमणारं नाही.

म्हणून मुरलेला खेळाडू घाटात एकट्याला सोडत नाही. दोघातिघांना सोडतो, माथा जवळ आल्यावर सोडतो, किंवा दुसऱ्या संघाचा अटॅक नुकताच विझला की त्याच श्वासात आपला माणूस काढतो. खेळातला बहुतेक वेळ तर ‘जागा धरून राहा’ या सर्वांत कंटाळवाण्या हुकमात जातो. तोच सर्वांत मोलाचा आहे.

किती मोलाचा, हे २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन या बेल्जियन संशोधकाच्या गटानं दाखवलं. १२१ सायकलस्वारांचा अख्खा घोळका त्यांनी संगणकात उभा केला, भोवतालच्या हवेचे सुमारे तीन अब्ज कप्पे पाडले आणि प्रत्येकातला प्रवाह मोजला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के रोध जाणवतो, असं निघालं. त्याआधी हा आकडा याच्या कितीतरी पट धरला जाई. हवेचे कप्पे पाडून प्रवाह सोडवण्याची हीच रीत मोटारी घडवणारे वापरतात. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटचा उतार, आरशाचा आकार यांमागं असलाच हिशेब असतो. पिंपरी-चिंचवडमधून इंडो अ‍ॅथलेटिक्स सोसायटीची सायकल वारी पंढरपूरला निघते, तेव्हा मागच्या रांगेतल्या हौशी वारकऱ्यालाही वाऱ्याची ही सूट मिळतेच, फक्त वेग कमी असल्यानं थोडी.

सूट आहे तिथं फुकटेपणा आलाच. चौघं मिळून पाठलाग करत असतील आणि त्यातल्या दोघांनी रिले द्यायला नकार दिला, तर सारा वारा उरलेल्यांच्या छातीवर. २५ मे २०१८ला जिरो द’इतालियात ख्रिस फ्रूम कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या चढावर, अंतिम रेषा ८० किलोमीटर दूर असताना, एकटा सुटला. वर मांडलेल्या गणितानं हा वेडेपणाच. पण मागच्या गटात कारापास आणि लोपेस तरुण स्वाराच्या पांढऱ्या जर्सीसाठी एकमेकांवर डोळा ठेवून होते. त्यांनी पाठलागाला हात लावला नाही. त्याच गटातल्या दुमुलँनं मागून येणाऱ्या एका स्विस स्वाराची वाट पाहण्यात वेळ घालवला. फ्रूम तीन मिनिटांनी जिंकला आणि पुढं स्पर्धाही त्यानंच घेतली. गेममध्ये अशी फूट ओळखून वेळ साधणं हीच खरी मजा, आणि संगणकाचे संघ माणसांइतके हेवेदावे करत नाहीत ही त्यातली उणीव.

दुसरी उणीव उलट्या बाजूची आहे. गेम खेळाडूला सगळंच दाखवतो. कोण किती पुढं, कोणाच्या पट्टीत किती उरलंय, सगळं पडद्यावर. तोक्यो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ला महिलांची रोड रेस झाली, तेव्हा स्वारांच्या कानात रेडिओ नव्हते, कारण ऑलिंपिकमध्ये त्यांना परवानगी नाही. ऑस्ट्रियाची आना कीजेनहोफर सुरुवातीलाच चौघींसह पळाली. ती गणितात पीएचडी केलेली, लोझानमध्ये संशोधन करणारी, कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली. बाकीच्या थकल्या, ही ४१ किलोमीटर शिल्लक असताना एकटी निघाली. मागं नेदरलँड्सचा बलाढ्य संघ होता. पळालेल्या बाकीच्यांना त्यांनी गाठलं आणि पुढं कुणी नाही असं समजून चालले. आनेमीक व्हान व्लोटेननं सुवर्ण जिंकल्याच्या आनंदात रेषेवर हात उंचावले. कीजेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती. शापातचा ठोकताळा मोडला नव्हता. घोळक्यानं मनावर घेतलं तर, ही त्याची अटच पुरी झाली नाही.

कानात रेडिओ आला की प्रश्न मिटतात असंही नाही. २०१२च्या टूर द फ्रान्समध्ये ला तुसुइरच्या चढावर हाच फ्रूम आपल्याच कप्तानाला, ब्रॅडली विगिन्सला, मागं टाकून निघाला होता. गाडीतून हुकूम आला, त्यानं कानाशी हात नेला, वेग उतरवला आणि विगिन्सची वाट पाहिली. विगिन्सनं टूर जिंकली, फ्रूम दुसरा आला. त्या चढावर फ्रूमच्या पायांत अजून जोर दिसत होता, आणि हुकूम मानावा की नाही यावर सायकलप्रेमी आजही हमरीतुमरीवर येतात. गेममधला स्वार मात्र क्लिक केलं की निमूट थांबतो.

या गेमसोबत टप्पे तयार करण्याचा एडिटरही मिळतो. जमिनीची उंची आणि रस्त्याची वळणं भरली की खोपोली ते निगडी हा मार्ग पडद्यावर उतरवता येतो, शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणांसकट. डोंगराचे गुण ७८ असलेला एक गडी आणि सपाटीचे ७८ असलेले चौघे घ्यावेत, माथ्यावर डोंगरवाल्याला मिनिटभर पुढं सोडावं आणि वडगावपर्यंत अंतर कसं आटत जातं ते पाहावं. मग तोच टप्पा पुन्हा खेळताना त्याच्यासोबत दुसऱ्या संघाचा एक जण जाऊ द्यावा.