धानाचं तूस आणि पोलादाची कातडी

गोंदियाची ओळख राइस मिलची. पोलादाचा विषय निघाला की इथला माणूस त्याच रेल्वेमार्गावर पूर्वेला भिलाईकडे बोट दाखवतो, नाहीतर पश्चिमेला भंडारा रोड स्टेशनजवळच्या वरठीकडे. वरठीच्या सनफ्लॅगमध्ये वाहन उद्योगासाठी मिश्र पोलाद तयार होतं. १ मे १९९९ला गोंदिया भंडारा जिल्ह्यातून वेगळा होण्यापूर्वीचा हा कारखाना, म्हणजे तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यातला.

मोटारीची स्प्रिंग तुटते ती बहुधा पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या भेगेपासून. त्या भेगेचं मूळ कित्येकदा ओतकामात असतं. सुमारे १५०० अंशांचा पोलादाचा रस लॅडल या मोठ्या भांड्यातून टंडिश नावाच्या मधल्या कुंडात आणि तिथून पाण्याने थंड राखलेल्या तांब्याच्या साच्यात उतरतो. साच्याबाहेर पडताना घट्ट कातडी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर, आत रसच. सीगफ्रीड युंगहान्स या जर्मन तंत्रज्ञाने १९३३च्या सुमारास साचा वरखाली हलवण्याची युक्ती आणली. कातडी चिकटायची थांबली, पण प्रत्येक हेलकाव्यागणिक आडवी खूण उमटू लागली. म्हणून आज हेलकावे लहान आणि जलद ठेवतात. रसावर टाकलेली मोल्ड पावडर वितळून कातडी आणि तांबं यांच्यामध्ये उतरते, वंगणाचं काम करते. ०.१ ते ०.१५ टक्के कार्बनचं पोलाद गोठताना जास्त आक्रसतं, उभं तडकतं. त्याला उष्णता सावकाश खेचणारी पावडर लागते. पुढे वाकलेला पट्टा सरळ करताना ७०० ते ९०० अंशांत पोलाद ठिसूळ असतं, तिथे पाण्याचा फवारा बेताने मारावा लागतो.

भेगांचं आणखी एक कारण गंधक, आणि त्यावरचा उपाय तर आपल्या शेजारीच आहे. गंधक आणि लोखंड मिळून हजार अंशांच्या आतच वितळणारा थर कणांच्या सीमांवर पसरतो आणि पोलाद तापलेलं असतानाच फाटतं. मँगनीज गंधकाला आधीच बांधून ठेवतं. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणी मँगनीजच्याच.

आता राइस मिलमधल्या तुसाकडे. जळालेल्या तुसाची हलकी राख टंडिशमधल्या रसावर पांघरतात. उष्णता टिकते, तापमान फारसं ढळत नाही. जगभरच्या पोलाद कारखान्यांत ही राख वापरतात, आणि गोंदियात ती गिरण्यांच्या मागे वाऱ्यावर उडते! मात्र ती निर्दोष नाही. राखेत बहुतांश सिलिका. ॲल्युमिनियमने शुद्ध केलेल्या पोलादात ती सिलिका ॲल्युमिनियमशी भिडते, ॲल्युमिनाचे कण तयार होतात, टंडिशमधून साच्यात जाणाऱ्या नळीत साचतात, सुटले तर पत्र्यावर पापुद्रा म्हणून दिसतात. अशा पोलादाला चुनायुक्त पावडरच बरी. ओली राख आणखी वाईट: तिच्यातल्या पाण्यातून हायड्रोजन रसात शिरतो आणि पृष्ठभागाखाली टाचणीएवढी छिद्रं पाडतो.

म्हणून गिरणीवाल्यांना सांगणं एवढंच: राख विकायची असेल तर ती कोरडी ठेवा, चाळून घ्या, आणि सिलिका, कार्बन व ओलावा यांची तपासणी करूनच पोत्यात भरा.