बोरीच्या जागी वेडी बाभूळ

मय्यतला गुसल देण्याच्या पाण्यात बोरीचा पाला घालण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या कन्येला गुसल देणाऱ्या स्त्रियांना पाण्यात 'सिद्र' वापरायला सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. अरबस्तानातील सिद्र म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण. म्हणून आजही घरात मय्यत झाली की एखाद्या मुलाच्या हाती पिशवी देऊन त्याला पाला आणायला पिटाळले जाते. पूर्वी तो कब्रस्तानाच्या कडेलाच मिळायचा. आता आमच्या भागात पोराला लांबच्या शेताच्या बांधापर्यंत जावे लागते. कब्रस्तानाच्या कडेला उभी असते ती वेडी बाभूळ.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यात जा, चित्र फारसे बदलत नाही. काट्यांतून जनाजा न्यायचा, कबर खोदणाऱ्याने आधी कुऱ्हाड चालवायची आणि मग कुदळ. शबे-बरातच्या आधी जमातीची तरुण मुले एकत्र येतात, दिवसभर राबून झुडपे छाटतात, कबरींवर उजेड पडतो. पावसाळा संपेपर्यंत तेच रान पुन्हा डोक्याएवढे होते. एका बुंध्याच्या जागी पाच-सहा फोक आलेले असतात. मेहनत कमी पडते असे नाही, छाटणेच चुकीच्या जागी होते. त्याबद्दल पुढे.

हे झाड मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचे. १८७७ मध्ये त्याचे बी भारतात आणले गेले. हेतू चांगला होता : उजाड जमिनीवर हिरवळ आणि गरिबाला सरपण. सरपण मिळाले, ते नाकारता येत नाही. आजही कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. पण तिच्या दाट सावलीत आणि पानगळीत गवत धड उगवत नाही. शेंगा गोड असतात, शेळ्या आवडीने खातात आणि बी मात्र पचत नाही. लेंडीबरोबर ते पुढच्या बांधावर, पुढच्या नाल्यात पोहोचते. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हाही ही हिरवीच होती. तिची मुळे इतकी खोल जातात.

कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ च्या सुमारास वनखात्याने खारे रण पुढे सरकू नये म्हणून ती लावली. बन्नीत राहणारे मालधारी बहुतेक मुस्लिम पशुपालक आहेत, त्यांच्या म्हशी देशभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत गवताची जागा या झाडाने घेतली. ते तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळच. दोन भाषांनी तिला एकच नाव दिले, यातच काय ते आले.

झाड परदेशातून आले एवढ्याने ते वाईट ठरत नाही. चिंच मुळात आफ्रिकेतली. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानी खजूर, म्हटले. इंग्रजीतला टॅमरिंड त्यातूनच आला. सीताफळ, पेरू, पपई अमेरिकेतून आले. बाहेरचा कोण आणि इथला कोण, हे शब्द माणसांच्या बाबतीत किती सैलपणे फेकले जातात ते आपण ऐकतोच. झाडांच्या बाबतीत तरी ते जपून वापरावेत. आपल्याला पाहायचे ते एवढेच, की झाड शेजाऱ्याला जगू देते का.

निलगिरी ऑस्ट्रेलियातली. भारतात ती पहिल्यांदा टिपू सुलतान यांनी १७९० च्या सुमारास नंदी टेकडीवरच्या बागेत लावली असे मानले जाते. शौकाने लावलेल्या झाडाचे पुढे इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर जंगल केले, आपल्याकडचे नाव तिथूनच पडले. १९८० च्या दशकात तिची रोपे शेताशेतांत गेली. १९८३ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली निलगिरीची रोपे उपटून तिथे चिंच-आंब्याचे बी पेरले, आणि २०१७ मध्ये त्या सरकारने तिची नवी लागवडच थांबवली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत निलगिरी आपणहून पसरत नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. पण विहिरीजवळ तिला जागा देऊ नये. दक्षिण आफ्रिकेत ती नदीकाठांवर पसरली. तिथे १९९५ पासून अशी परकी झाडे तोडून पाणी वाचवण्याचा सरकारी कार्यक्रम चालतो आणि त्यातून गरिबांना रोजगार मिळतो.

सुबाभूळ नावाने 'सु' असली तरी जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. त्याच यादीत शोभेचा लाल पिचकारीही आहे आणि बागेसाठी आणलेली घाणेरीही. अलीकडे मशिदीच्या भिंतीलगत कोनोकार्पस लावण्याची हौस दिसते. आखातात नोकरी केलेल्यांना ते झाड ओळखीचे वाटते. त्याची मुळे पाण्याच्या नळांत शिरतात, पराग श्वासाला त्रास देतात; गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वुजूच्या हौदाजवळ तर ते नकोच.

आता छाटणीबद्दल. वेडी बाभूळ जमिनीबरोबर कापली की खालच्या डोळ्यांतून ती फुटतेच. म्हणून पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की बुंध्याभोवती उकरून जमिनीखाली वीत-दीड वीत खोल मूळ तोडावे. कबरींच्या मध्ये जेसीबी घालू नये, पहार-कुदळीनेच काम करावे. झाड प्रत्यक्ष कबरीवर असेल तर खोदू नये. ते कापावे आणि येणारे कोंब दर पंधरा दिवसांनी मोडत राहावे, म्हणजे मूळ थकते. काम शेंगा पिकण्याआधी झाले तर उत्तम. शेंगा खाऊन आलेल्या शेळ्या साफ केलेल्या जागेत सोडू नयेत.

गावठी बाभळीवर मात्र कुऱ्हाड पडू देऊ नका. तिची फुले पिवळी, गोल गोंड्यासारखी आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या असतात. वेडीची फुले लांब तुऱ्यासारखी, शेंगा सरळ आणि पिवळसर. आम्ही वर्गात दोन्ही शेंगा शेजारी ठेवतो, तेव्हा चौथीतली मुलेही चटकन फरक सांगतात.

पेरलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस आपल्याला पाठ असते. साफ झालेल्या जागेत कडेने बोर लावावी. पोपट, बुलबुल आणि शाळकरी पोरे ती संपवतील. रोप विकत घ्यायची गरज नाही. खाल्लेल्या बोरांच्या आठळ्या जपून ठेवा, पेरण्याआधी हलक्या हाताने फोडून आतले बी काढा, पिशवीत लावा. तीन-चार बोटे उंच झाले की जागेवर न्या, कारण तिचे सोटमूळ लवकर खाली जाते आणि उशिरा हलवलेले रोप धरत नाही. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. ते कोण घालणार, हे जमातीच्या बैठकीत आधीच नावानिशी ठरवून घ्या.