बायकोच्या नावाचा रकाना

संपादकांचं फर्मान आलं, 'आयुर्विमा आणि घरगुती बचत यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा आढावा घ्या, पंधराशे शब्दांत.' मी एकेचाळीस वर्षं दारोदार फिरून विमा विकला. समोरच्याला चहा गार व्हायच्या आत त्याच्याच मरणाबद्दल बोलायला लावायचं, हा धंदा ज्यानं केला त्याला पंधराशे शब्द पुरायला हवेत. फक्त एक आधीच कबूल करतो. या विषयात माझं एक खूळ आहे आणि माझ्याबरोबर काम केलेले लोक त्याला वैतागलेले आहेत. ते खूळ येईपर्यंत मी भराभर चालणार. आलं की बसकण मारणार.

तर भराभर. १८१८ साली कलकत्त्यात पहिली विमा कंपनी निघाली, ती मुख्यतः गोऱ्यांची सोय बघायला. आपल्या माणसाचं आयुष्य त्यांच्या लेखी जोखमीचं, म्हणून त्याला हप्ता जास्त. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि आपल्या माणसाला नेहमीच्या दरानं विमा मिळू लागला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल आली. हे १८७४ साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर स्वदेशीची लाट, ढीगभर कंपन्या, काही भल्या, काही बुडव्या. १९१२ चा कायदा, १९३८ चा कायदा. दिवाळीच्या दिवसांत कुणी कायदे वाचू नयेत.

साताऱ्यापाशी मात्र क्षणभर थांबायलाच हवं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली तिथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांना जे जमत होतं, ते एका जिल्ह्याच्या गावातून करायचं, ही त्यांची ईर्ष्या. पुढे १९३६ मध्ये त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. ती २००६ मध्ये आयडीबीआयच्या पोटात गेली. माझे वडील त्या विमा कंपनीत कारकून होते. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून सांगितलं, की आयुर्विमा आता सरकारचा. वडील दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी कचेरीत गेले आणि नेहमीच्याच खुर्चीवर बसले. मालक तेवढा बदलला होता. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या धरून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबरला महामंडळ झालं. तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळेही झाले होते. घरात वडील त्यांचं नाव दोन्ही कारणांसाठी आदरानं घ्यायचे. मुंदडा प्रकरण, छागला आयोग, टी. टी. कृष्णम्माचारींचं जाणं, हे सगळं वर्तमानपत्रांनी पुष्कळ चघळलं आहे. पुढे जाऊ.

आता बचत. आपल्याकडे बाईच्या अंगावरचं सोनं हीच खरी पहिली पॉलिसी. विद्वान म्हणतात, सोनं उत्पन्न देत नाही. नसेल. पण स्त्रीधन म्हणून ते बाईचं असतं आणि नवऱ्याला मोडायचं झालं तर निदान तिच्या तोंडाकडे बघावं लागतं. ही बघावं लागण्याची सोय फार मोठी. भिशी त्याच जातीची, फक्त वाड्यातल्या दहा-बाराजणींच्या विश्वासावर चालणारी. मग पिग्मी, १९२८ साली उडुपीकडे सिंडिकेट बँकवाल्यांनी दोन आण्यांपासून सुरू केलेली कल्पना आमच्या पतसंस्थांनी इतकी आपली केली, की कराडच्या भाजी मंडईत तो शब्द मराठीच वाटतो. त्यात माझेही चार हजार एका पतसंस्थेत अडकले आणि तिथेच राहिले. नाव घेत नाही, तिचा चेअरमन अजून मला नमस्कार करतो.

पोस्टातल्या आरडीवाल्या बाई मात्र माझ्या मनातून जात नाहीत. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली आणि गावोगावच्या बायकांना एजन्सी मिळाली. आमच्या आळीत एक होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेली कार्डं, आणि महिन्याच्या पाच तारखेला दारात हाक. साठ हप्ते झाले की मुलीची फी नाहीतर घराचा पत्रा. त्यांना कुणी सल्लागार म्हटलं नाही, व्याख्यानाला बोलावलं नाही. पण कुठल्या घरात नवरा दारू पितो आणि कुणाचं कार्ड घरी न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवायचं, हे त्यांना पाठ होतं.

पीपीएफ १९६८ चं. १९८६ पासून २००० पर्यंत सलग १२ टक्के व्याज, करमुक्त; तेव्हा ते कुणाला पटवून द्यावं लागे, आणि आता ७.१ झाल्यावर सगळे त्याचं गुणगान करतात. १९८६ चं इंदिरा विकास पत्र तर अजबच. पाच वर्षांत दुप्पट, आणि कागदावर नावच नाही. ज्याच्या हातात त्याचं, हरवलं की नोटेसारखं गेलं. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी ती पत्रं फौजदारी कायद्याच्या जाड पुस्तकात दडवली. वकील गेले, मुलगा इंजिनिअर, पुस्तकं रद्दीत. वर्षभरानं जुन्या डायरीत आकडे सापडले, तेव्हा घरात पुन्हा एकदा सुतक आल्यासारखं झालं.

इथवर आलो तर आता विद्वानांशी भांडून घेतो. गेली पंधरा-वीस वर्षं रविवारच्या पुरवण्यांतून काहीजण आम्हा एजंटांची सालटी काढतात. विमा आणि गुंतवणूक यांची खिचडी करू नका, स्वस्तातलं टर्म घ्या, उरलेले पैसे एसआयपीत टाका, एंडोमेंटमध्ये पाच-सहा टक्क्यांवर काय सुटतं? हिशोब त्यांचा बरोबर आहे. आमच्यातल्या कित्येकांनी पहिला हप्ता स्वतःच्या कमिशनमधून भरून, मार्चअखेरीला माणसाच्या गळ्यात काय वाटेल ते मारलं, हेही खरं. २००५ नंतर युलिपच्या नावानं जे चाललं ते आठवून आजही मान खाली जाते. पण या मंडळींच्या तक्त्यांत पैसा नेहमी 'कुटुंबाला' मिळतो. कुटुंब नावाच्या माणसाचं बँकेत खातं मी पाहिलेलं नाही. चेकवर एकच नाव असतं. ते कुणाचं, हा प्रश्न त्यांना पडत नाही आणि मला दुसरा पडत नाही.

तो पडला त्याला माझीच चूक कारण झाली. माझा एक मित्र हायस्कुलात शिक्षक. १९८१ मध्ये त्यानं माझ्याकडून पंचवीस हजारांची पॉलिसी घेतली. तेव्हा तो सडा, म्हणून नॉमिनी आई. १९८३ मध्ये त्याचं लग्न झालं. मी पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढल्या. नॉमिनी बदलायचा फॉर्म माझ्या बॅगेत होता, तो काही काढला नाही. मंगलकार्यात असला विषय कशाला! १९८७ च्या पावसाळ्यात हायवेवर त्याची मोटरसायकल घसरली. क्लेमचे कागद मीच भरले. चेक आईच्या नावाचा निघाला आणि आईनं तो धाकट्या मुलाला दुकान टाकायला दिला. तिचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. म्हातारीला उरलेल्या मुलाकडेच राहायचं होतं. वहिनींनी दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मला एवढंच विचारलं, "भाऊजी, त्यात माझं नाव नव्हतं का?"

कायद्यानं हिस्सा होता. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच दशकात सांगितलं होतं, की नॉमिनी फक्त पैसे घेणारा हात, मालक वारसच. तिथे नॉमिनी बायको होती आणि वाटा मागणारी सासू, इथे उलट. पण सासूविरुद्ध कोर्टात कोण जातं? वहिनी अंगणवाडीत लागल्या. पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यातली नॉमिनीची व्याख्याच बदलली. आईवडील, जोडीदार, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे पैसा त्याच्याच हक्काचा. म्हणजे हीच गोष्ट आज घडली, तर वहिनींचा कागदावरचा हिस्साही वादात पडेल.

मित्र गेला त्या वर्षी मी वडिलांच्या जुन्या पुस्तकांत डोकं घातलं आणि मला १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा सापडला. म्हणजे तो धंद्यात सगळ्यांना ऐकून माहीत होता, 'एमडब्ल्यूपी' म्हणून. प्रपोजलला जोडायचा एक पुरवणी फॉर्म असायचा. तो कपाटाच्या तळाशी पिवळा पडायचा. त्या कायद्याचं सहावं कलम आधी आपल्या लोकांना लागू आहे की नाही याचाच घोळ होता. १९२३ च्या एप्रिलपासून तो मिटला आणि हिंदू-मुसलमान सगळ्यांना ते खुलं झालं. कलम असं, की लग्न झालेल्या पुरुषानं स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवताना 'हा बायकोसाठी, मुलांसाठी किंवा दोघांसाठी' असं लिहून दिलं, की त्या क्षणी विश्वस्तनिधी उभा राहतो. वेगळा दस्त नको, रजिस्ट्रारची पायरी नको. मग ती पॉलिसी नवऱ्याची उरत नाही. त्याला ती गहाण टाकता येत नाही, मोडून खाता येत नाही. तो मेला तर पैसे तिचे, आणि मुदत संपून तो धडधाकट असला तरी तिचेच. देणेकऱ्यांना बुडवायच्याच हेतूनं पॉलिसी काढली हे सिद्ध झालं, तर भरलेल्या हप्त्यांपुरता त्यांचा हक्क. बाकी हात लावायचा नाही. अट एकच. हे पॉलिसी घेतानाच लिहायचं. नंतर सुचलं तर उपयोग नाही.

मी तो फॉर्म प्रत्येक प्रपोजलबरोबर टेबलावर ठेवू लागलो आणि माझा धंदा घटला. पुरुषांना मरणाची कल्पना सहन होते. जिवंतपणी आपले पैसे बायकोचे झाले ही होत नाही. "साहेब, उद्या आमचं पटलं नाही तर?" हा ठरलेला प्रश्न. "मग तेव्हा वहिनींना जास्तच लागतील," मी म्हणायचो, आणि निम्मे लोक तिथेच उठायचे. विश्वस्त म्हणून बायकोचा भाऊ सुचवला तर उरलेले निम्मे.

इचलकरंजीचा एक मागवाला मात्र बसून राहिला. चोवीस माग, स्वभाव हूड, सूतवाल्या व्यापाऱ्याची उधारी कायम डोक्यावर. १९९१ साली त्यानं वीस वर्षांची, एक लाखाची एंडोमेंट घेतली. १४ नंबर म्हणायचो आम्ही तिला. एमडब्ल्यूपीखाली, लाभार्थी बायको, विश्वस्त मेहुणा. सही का केली, तर फॉर्म न वाचता. १९९८ मध्ये धंदा बसला. एका रात्री अकराला तो माझ्या दारात, हातात पॉलिसीची प्लॅस्टिकची पिशवी. सूतवाला म्हणत होता, विमा लिहून दे, तरच पुढची गाठोडी सोडतो. मी कागद उलगडून त्याला शिक्का दाखवला. म्हटलं, ही तुमची नाहीच. त्यानं मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. सोळा माग विकले गेले, माझ्याशी दोन वर्षं अबोला. पुढचे हप्ते त्याच्या बायकोनं भरले, चादरींना गोट घालून.

२०११ मध्ये बोनससकट दोन लाखांच्या वर रक्कम आली, मेहुण्याच्या सहीनं, तिच्या खात्यात. तिनं ती मुदत ठेवीत टाकली. सहा महिन्यांनी नवऱ्याला दोन जुने माग घ्यायचे होते, तेव्हा पन्नास हजार दिले, वहीत लिहून, शेकडा एक रुपया व्याजानं. त्या वहीचं पान तिनं मला दाखवलं. खाली नवऱ्याची सही होती, या वेळी वाचून केलेली.

एकेचाळीस वर्षांत अशा पॉलिस्या मी जेमतेम दीडशे केल्या. एजंटांच्या क्लबात बसायचं तर विक्रीचे आकडे लागतात. ते माझे कधी झाले नाहीत आणि माझ्यापेक्षा अर्ध्या वयाची पोरं बँकॉकला जाऊन आली. आता तर एजंटच हद्दपार व्हायच्या बेतात आहे. २०२२ मध्ये महामंडळाचा शेअर ९४९ रुपयांना बाजारात आला, आता विमेदार आणि भागधारक एकाच पंगतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला. टर्मवर तो १८ टक्के होता. चांगलंच झालं. नव्या करपद्धतीत ८० सी उरलं नाही, म्हणून मार्चमधली झुंबडही संपली. पोरं रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर एक कोटीचं टर्म घेतात. तिथेही एमडब्ल्यूपीचा प्रश्न विचारतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्यावरून अंगठा सरसर पुढे जातो. पूर्वी तो फॉर्म कपाटाच्या तळाशी होता, आता पडद्यावर आहे, आणि वाचणारे तेव्हाइतकेच.

परवा नातजावयानं घरी आल्यावर कौतुकानं सांगितलं, "आजोबा, दीड कोटीचं घेतलं." मी विचारलं, एमडब्ल्यूपी केलं का? तो म्हणाला, हिला नॉमिनी केलंय ना. त्याच्यावर घराचं ऐंशी लाखांचं कर्ज आहे आणि भावाबरोबर नवा धंदा काढायच्या गोष्टी चालल्यात. मी त्याला इचलकरंजीची गोष्ट सांगितली. नात स्वयंपाकघरातून ऐकत होती, आतून तिनंच विचारलं, "मग आता बदलता येत नाही?" बदलता येत नाही, पण आवडली नाही तर तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि मग नव्यानं घेता येते. हप्ता थोडा इकडेतिकडे होईल, वैद्यकीय तपासणी कदाचित पुन्हा. जावई म्हणाला, बघतो.

आज एकोणिसावा दिवस आहे. मी फोन केला नाही. नातीनं कॅलेंडरवर खूण केली आहे असं तिची आई सांगत होती.