मध्यस्थ निकाल देत नाही

सामाईक विहिरीवर एकच मोटार आणि पाळीवरून दोन भावांची रोजची कुरबुर. सातबाऱ्यावर एक गट आणि वहिवाट मात्र शेजारच्या गटात. बांध कोरला म्हणून झालेली हाणामारी, कांद्याचे थकलेले पैसे, माहेरी निघून आलेली लेक. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात असेच वाद कानावर पडतात. हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोल्यापासून जामखेडपर्यंत त्याचे १४ तालुके पसरले आहेत, आणि पाण्याची तूट व जमिनीचे तुकडे या दोन गोष्टी जवळपास सगळीकडे आहेत. अशा दाव्यात न्यायाधीश दोन्ही बाजूंना मध्यस्थीला जायला सांगतात, तेव्हा पक्षकाराच्या मनात पहिली भीती येते की आता आणखी एक साहेब आपला निकाल लावणार.

मध्यस्थ निकाल लावत नाही. तो अधिकार कायद्याने त्याला दिलेलाच नाही. त्याला हुकूम सोडता येत नाही, दंड करता येत नाही आणि कोण खरे, कोण खोटे हेही ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचे, मग एकेकाला वेगळे घेऊन बोलायचे, नेमकी अडचण कुठे आहे ते हुडकायचे आणि तोडगा त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचा, एवढेच त्याचे काम. एका बाजूने नाही म्हटले की बोलणी थांबतात आणि दावा जिथे होता तिथून न्यायालयात पुढे चालू लागतो.

हा घोळ होण्याला एक कारण आहे. लवाद, लोकअदालत, समुपदेशन, तंटामुक्ती आणि मध्यस्थी हे सगळे आपल्याकडे ‘तडजोड’ या एकाच नावाखाली जाते. त्यांतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: शेवटचा शब्द कोणाचा? लवादात तो लवादाचा असतो. लवाद निवाडा देतो आणि न पटला तरी तो बांधून ठेवतो. न्यायालयात तो न्यायाधीशांचा. मध्यस्थीत मात्र तो शेवटपर्यंत दोन्ही पक्षकारांचा राहतो. लोकअदालतीतही तो त्यांचाच असतो, जरी समोर न्यायाधीश बसलेले दिसतात. लोकअदालतीच्या मंडळाला स्वतःहून रक्कम कापून निकाल देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या निकालात स्पष्ट केले आहे. संमती नसेल तर प्रकरण परत न्यायालयात जाते. पॅनलसमोर उभे राहून, मनात नसताना ‘होय साहेब’ म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण सही झाल्यावर लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

तिथे बोललेले अंगलट येईल का?

ही भीती खरी वाटण्यासारखी आहे. ‘दोन लाखांवर मिटवायला तयार आहे’ असे एकदा बोलून गेलो तर उद्या समोरचा वकील ते न्यायालयात काढेल, असे लोकांना वाटते. मध्यस्थीत दिलेला प्रस्ताव, मान्य केलेली चूक, दाखवलेली तयारी यांतले काहीही नंतर पुरावा म्हणून वापरता येत नाही. मध्यस्थाने न्यायालयाला काय कळवायचे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोतीराम विरुद्ध अशोक कुमार प्रकरणात सांगून ठेवले आहे. समेट झाला तर सह्यांचा करारनामा पाठवायचा. नाही झाला तर एका ओळीत मध्यस्थी यशस्वी झाली नाही, एवढेच कळवायचे. कोण अडून बसला, कोणी किती मागितले, यातले एक अक्षर न्यायाधीशांपर्यंत जाऊ नये. वेगळ्या बैठकीत मध्यस्थाला सांगितलेली गोष्टसुद्धा तुमच्या परवानगीवाचून समोरच्याला कळत नाही. ज्याची बाजू लंगडी तोच मध्यस्थीला जातो, ही समजूतही यातच विरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालय स्वतःच दावा पाठवते. हे कलम १ जुलै २००२ पासून अमलात आहे.

त्या कागदाला किंमत किती?

‘शेवटी तो साधा कागदच ना, उद्या फिरला तर काय करणार?’ हा प्रश्न विचारणारा माणूस शहाणा आहे, कारण उत्तर सगळीकडे सारखे नाही.

चालू दाव्यातून मध्यस्थीला गेलेले प्रकरण मिटले, तर करारनामा न्यायालयापुढे येतो आणि न्यायाधीश तो तपासून त्यानुसार हुकूमनामा करतात. संमतीच्या हुकूमनाम्यावर सहसा अपील होत नाही. समोरचा फिरला तर नवा दावा करावा लागत नाही, थेट दरखास्त दाखल करता येते. जमीन दाव्यातलीच असेल तर अशा हुकूमनाम्याची वेगळी दस्तनोंदणी करण्याची सहसा गरज पडत नाही. पण मिटवताना दाव्याबाहेरचा एखादा प्लॉट किंवा गट त्यात घातला, तर ही सूट त्याला लागू होत नाही. हे माहीत नसल्याने लोकांचे फेरफार अडकून पडतात. शुल्काचेही तसेच आहे. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्याचे न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि कलम ८९ खाली मिटलेल्या दाव्यालाही परताव्याची तरतूद आहे. म्हणून मध्यस्थीकडे पाठवल्याचा रीतसर आदेश रोजनाम्यात आला आहे ना, हे वकिलांना आवर्जून विचारावे.

दावा दाखल होण्याआधीच मिटलेल्या वादाची गोष्ट वेगळी. संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र मध्यस्थी कायदा केला. त्यात मध्यस्थीसाठी १२० दिवस आणि संमतीने आणखी ६० दिवस अशी मुदत आहे, आणि सह्या झालेल्या समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ देण्याची तरतूद आहे. तो समझोता फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा मुळात मध्यस्थीला न चालणारा विषय, अशा मोजक्याच कारणांवरून आव्हानाला पात्र ठरतो. मात्र या कायद्याची सगळी कलमे एकाच दिवशी लागू झाली नाहीत. काही ९ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. म्हणून ‘नवा कायदा आलाय, घरी बसून सही केली की झाला हुकूमनामा’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. दाखलपूर्व प्रकरण तालुका विधी सेवा समितीकडे नेऊन, मिटल्यावर ते लोकअदालतीपुढे ठेवून निवाडा करून घेणे हा पक्का मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचाच दर्जा दिला आहे.

जमिनीच्या ताब्याचा घोळ असेल तर आणखी एक सोय पाहावी. माझा गट तुझ्याकडे आणि तुझा माझ्याकडे, अशी किमान १२ वर्षांची उलटसुलट वहिवाट असेल, तर अदलाबदल दस्तासाठी राज्याने ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ‘सलोखा योजना’ आणली. त्यात मुद्रांक शुल्क अवघे १००० रुपये ठेवले आणि नोंदणी शुल्कही नाममात्र. योजना मुदतीची आहे, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करूनच पुढे जावे. वर्षानुवर्षे ज्या वादात दोघेही मनातून थकलेले असतात, त्याला इतका स्वस्त आणि सन्मानाचा शेवट क्वचितच मिळतो.

गावात पंच आहेतच की

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार याच जिल्ह्यातली गावे. ग्रामसभा मनावर घेते तेव्हा काय घडू शकते, हे त्यांनी देशाला दाखवले. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम याच विश्वासावर उभी होती. ग्रामसभेतून निवडलेली समिती, तंट्यांची नोंदवही, मिटवलेल्या तंट्यांचा हिशोब आणि गावाला बक्षीस. तिने अनेक बांधावरचे वाद पोलीस ठाण्याच्या दारातून माघारी आणले, हे मान्यच केले पाहिजे. पण तंटामुक्ती समितीत लिहिलेला कागद हा आपोआप हुकूमनामा नसतो. २०२३ च्या कायद्यातही समाजातल्या मध्यस्थीची वेगळी तरतूद आहे: वस्तीतल्या शांततेला बाधा आणणारा वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तीन मध्यस्थांचे मंडळ. तिथे झालेला समझोता शांतता राखण्यासाठी असतो. हुकूमनाम्यासारखा तो बजावता येत नाही, हे त्या कायद्यातच लिहिले आहे.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या समाजांच्या जातपंचायती बसत. लग्न, फारकत, व्यवहार, इज्जत यांचे निवाडे तिथे होत. ज्या माणसांना पोलीस आणि कोर्ट दोन्ही परके होते, त्यांना तीच एक जागा आपली वाटत होती, हे समजून घ्यायला हवे. पण त्या निवाड्यांमागे दंड होता, वाळीत टाकण्याची धमकी होती, आणि बाईला पंचांत जागा नव्हती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान चालवले. पुढे सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. कोणाला वाळीत टाकले, रोटीबेटीचा व्यवहार तोडला, त्यासाठी बैठक भरवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

जातपंचायतीला मध्यस्थी म्हणणे हा माझ्या मते सगळ्यांत घातक गैरसमज. मध्यस्थीतून उठून जाता येते. ज्या बैठकीतून उठून गेल्यावर गावात पाणी भरता येत नाही, ती मध्यस्थी नव्हे.

सगळेच मिटवता येत नाही

चेक न वटल्याची प्रकरणे, मोटार अपघाताची भरपाई, पोटगी, मुलांचा ताबा, भाडेकरू, वाटणी, बँकेची वसुली, हे सगळे मध्यस्थीला चालते. विवाहितेच्या छळाची तक्रार थोडी वेगळी आहे. तो गुन्हा परस्पर मागे घेता येत नाही. समेट झाला तर उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. आणि बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार यांत ‘मिटवून टाका’ असे म्हणणे हाच अन्याय आहे. बलात्काराच्या प्रकरणात आरोपी आणि पीडितेत झालेली तडजोड शिक्षा कमी करण्याचे कारण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात बजावले. घरातल्या मारहाणीत ज्या बाईला नवऱ्यासमोर बोलायची भीती वाटते, तिला त्याच टेबलावर बसवणारा मध्यस्थ आपले काम चुकतो. तिने तसे सांगावे, वेगळी बैठक मागावी आणि नकोच असेल तर नाही म्हणावे.

वाटणीच्या दाव्यात एक चूक मात्र फार सहज केली जाते. तिघे भाऊ बसतात, विहीर, घर, जिरायत, बागायत सगळे ठरते, आणि बहिणींना सहीपुरते बोलावले जाते. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हेही ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बहीण पक्षकार नसेल तर झालेली वाटणी उद्या उघडी पडू शकते. तिला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिने मध्यस्थासमोर, सगळे समजून, स्वतःच्या तोंडाने सोडावा. भाऊबीजेची आठवण करून दिलेला दबाव संमती होत नाही. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने केलेली तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय टिकत नाही. पालकाची सही तिथे पुरेशी नसते.

खर्च आणि मुदत

न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत मध्यस्थाला पक्षकाराने काही द्यायचे नसते. त्याचे मानधन विधी सेवा प्राधिकरण देते. वकील सोबत नेता येतो. तो परवडत नसेल तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत किंवा अहिल्यानगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यावा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर विचारावे.

सुपा किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांसाठी आणि घाऊक व्यापाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. वाद व्यापारी स्वरूपाचा, ३ लाख रुपयांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणे सक्तीचे आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम केले. ती पायरी टाळलेला दावा फेटाळला जातो. इथे शुल्क आहे (३ ते १० लाखांच्या वादाला १५,००० रुपये, दोघांत निम्मे), पण या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीच्या कायद्यात मोजला जात नाही.

गावातल्या बैठकांना ही सवलत नाही. ‘चर्चा चालू आहे’ म्हणून उसनवारीच्या पैशाची तीन वर्षांची मुदत थांबत नाही. चेकच्या बाबतीत तर बँकेकडून न वटल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस वाट, आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. समोरच्याने पंचांसमोर कितीही शब्द दिला असला तरी नोटीस वेळेत पाठवावी, तक्रार वेळेत दाखल करावी, आणि त्याच दिवशी न्यायालयाला मध्यस्थीसाठी विनंती करावी. तक्रार दाखल असल्याने मिटवण्याचा रस्ता बंद होत नाही. चेकचा गुन्हा कोणत्याही टप्प्यावर तडजोडीने मिटवता येतो.