पुंगळी किती चमकवावी?

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेली बरीच मंडळी झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती साफ करून, डायमध्ये दाबून मापात आणतात आणि नवा प्रायमर, दारू व गोळी भरून पुन्हा वापरतात. सफाईसाठी असतो टंबलर: थरथरणाऱ्या भांड्यात पुंगळ्या आणि भरडा घालून यंत्र काही तास चालू ठेवायचे. भरडा कोणता आणि पॉलिश कोणते, यावर हिरिरीने वाद चालतात. पण ते बहुतेक चकाकीचे असतात, आणि गफलत तिथेच आहे. पुंगळी साफ करायची ती कचकचीने डायवर ओरखडे पडू नयेत आणि पितळेतली भेग नजरेला दिसावी म्हणून. अमेरिकी लष्करासाठी 1941पासून काडतुसे बनवणाऱ्या लेक सिटी कारखान्याच्या पुंगळ्यांच्या मानेवर तापवून मऊ केल्याचा निळसर-तपकिरी डाग तसाच ठेवलेला असतो. त्याने गोळीचे काही बिघडत नाही.

दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा मऊ, तो उजळवतो. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा टणक आणि टोकदार. तो काजळी खरवडतो. पण त्याहून महत्त्वाची आहे कणांची जाडी. प्रायमरची ठिणगी आत जाते ते छिद्र साधारण 2 मिलिमीटरचे असते आणि जाड कण नेमका तिथे अडकतो. म्हणून बारीक भरडा घ्यावा. पोलादी सुया, पाणी आणि साबण वापरणाऱ्यांची पुंगळी आतून-बाहेरून नव्यासारखी निघते, हे खरे. मात्र मानेच्या आतला काजळीचा पातळ थरही त्यात जातो. गोळी सरकताना तोच थर वंगणाचे काम करतो. शिवाय पाण्यात सायट्रिक ॲसिड जास्त पडले, तर चिंच लावून विसरलेल्या भांड्यासारखे पितळ गुलाबी होते, कारण वरच्या थरातले जस्त निघून जाते.

पॉलिशची अट एकच: त्यात अमोनिया नको. याचा पुरावा आपल्याकडचाच आहे. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवत आणि नंतर पितळ तडकलेले सापडे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूत कोंडलेला ताण यांमुळे हे घडते, याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 साली केला. चार तासांच्या पॉलिशने काय होणार, असे कुणी म्हणेल. एकदाच वापरायच्या पुंगळीचे कदाचित काहीच होणार नाही. पण ही पुंगळी प्रत्येक वेळी डायमध्ये दाबली जाते, ताण साठत जातो, आणि अमोनियाविरहित पॉलिश सहज मिळते. मग धोका घ्यायचा कशाला? असे पॉलिश झाकणभर टाकून भरडा आधी नुसताच फिरवावा, म्हणजे गोळे होत नाहीत.

ओल्या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करावाच लागतो: प्रायमरमधले शिसे पाण्यात राहते, कोरड्या भरड्यात ते धूळ होऊन उडते. कोरडा टंबलर वापरणार असाल, तर तो झाकण लावून घराबाहेर चालवा, चाळताना मास्क घाला आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.