बोर्डाला झोपवा, बॅटरी वाचवा

शेतकरी बंधूंनो, वाघोलीच्या शिवारात ओलावा मोजणारा लिनक्स बोर्ड सोलर बॅटरीवर चालवता ना? मग आषाढाची झड ध्यानात घ्या.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत ८४ वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरावेत. ३ वॅटचा बोर्ड अखंड जागा ठेवलात, तर १४ तासांत कारभार आटोपला! तासाला ५ मिनिटेच जागवा. झोपेत ०.१ वॅट लागत असेल, तर तीच बॅटरी ५ दिवस पुरेल.

बोर्डात घड्याळ व झोपेची सोय असल्यास 'आरटीसीवेक' ही आज्ञा वापरावी. रास्पबेरी पाय ४ मध्ये अशी सोय नाही. तो आधी रीतसर बंद करावा, मगच टायमरने वीज तोडावी. नाहीतर मेमरी कार्ड बिघडू शकते.

झोपेतला खर्च मीटरने मोजा, मगच बोर्ड शेतात न्या.