चिनी भाषेची पदवी: नांदेड-लातूरहून पाहताना

लातूरला नीटच्या तयारीसाठी येणाऱ्या हजारो मुलांपैकी ज्यांना सरकारी जागा मिळत नाही आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, त्यांच्यातली काही एमबीबीएससाठी चीन गाठतात. तिथे वर्ग इंग्रजीत चालतो, पण वॉर्डातला रुग्ण चिनीच बोलतो. बीजिंगमधल्या भारतीय वकिलातीने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले होते, की एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी गाठल्याशिवाय पदवी मिळणार नाही. जुन्या अभ्यासक्रमात ही पातळी म्हणजे १,२०० शब्द. एवढ्या कष्टाने शिकलेली भाषा इथे परतल्यावर वापराविना गंजते, याचे मला फार वाईट वाटते.

मग बी.ए., एम.ए.ला चिनीच घेतली तर नोकरी मिळेल का? हा प्रश्न आला की दोन मराठी माणसे आठवतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. दुसरे वसंत परांजपे. १९४७ मध्ये पेकिंगला शिकायला गेलेले परांजपे पुढे परराष्ट्र सेवेत आले आणि १९५४ च्या नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते. कोटणीसांचा पेशा डॉक्टरकीचा होता, भाषा त्याच्या मदतीला आली. परांजपे भाषेच्या बळावर वर आले, पण त्यांच्यामागे सरकार होते.

परांजप्यांची वाट आजही आहे, पण अरुंद. केवळ भाषेवर मिळणारी कामे बहुतेक दिल्लीत किंवा सीमेवर: संरक्षण खाते, गुप्तवार्ता, परराष्ट्र खाते. प्रादेशिक सेनेने अलीकडे चिनी दुभाषे घेतले. भारत-तिबेट सीमा पोलीस आपल्या जवानांना मँडरिन शिकवतात. प्राध्यापक व्हायचे तर नेटला चिनी हा स्वतंत्र विषय आहे, मात्र देशात चिनीचे विभागच मोजके. या वाटेने जायचे असेल तर बारावीनंतर सीयूईटी देऊन जेएनयूच्या बी.ए. ऑनर्सला जावे. आधी चिनी येत असण्याची अट नाही, आणि नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते.

खासगी नोकऱ्यांचे सगळे गणित भांडवल कुठल्या देशातून येते यावर ठरते. रांजणगावला हायर आणि चाकणला सॅनी या चिनी कंपन्या आहेत. अशा ठिकाणी चिनी तंत्रज्ञ आणि आपले कामगार यांच्यामध्ये बोलणारा माणूस लागतो. पण हे भांडवल राजकारणासोबत हलते. एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, १५ जूनला गलवानची भारत-चीन चकमक घडली, आणि तळेगावात येऊ घातलेली चिनी ग्रेट वॉल मोटर्स आलीच नाही. ती जो कारखाना घेणार होती, तो पुढे ह्युंदाईने घेतला; म्हणजे जिथे चिनी लागली असती तिथे आता कोरियन उपयोगी. २०२० च्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यातली चिनी अंतिम प्रतीत उरली नाही. आपल्या लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात वंदे भारतचे शयनयान डबे बनवण्याचे कंत्राट आले तेही चिनी नव्हे, रशियन भागीदारीतून.

व्यापार मात्र थांबला नाही. २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला, आणि २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्या औषध कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या मालाच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा चीनचा. नांदेडच्या मुलांना जवळचे हैदराबाद हे औषध उद्योगाचे मोठे केंद्र. पुरवठादाराची कागदपत्रे वाचून त्यातली खोट ओळखणारा, भाव घासून घेणारा बी.फार्म. तिथे कामाचा ठरेल. साधी पत्रे आणि माहितीपुस्तिका आता यंत्रे भाषांतरित करतात. त्या कामावर संसार उभा करण्याचे दिवस सरत आले आहेत. समोरासमोरची बोलणी आणि विषयाची जाण असलेल्या माणसाला मात्र मागणी राहील.

तैवानकडे आपले लक्ष कमी जाते. तिथेही मँडरिनच चालते, लिपी तेवढी जुन्या वळणाची. तैवान सरकार भाषा शिकायला हुआयू शिष्यवृत्ती देते, फॉक्सकॉनसारख्या तिथल्या कंपन्या भारतात कारखाने वाढवत आहेत, आणि गुजरातेत धोलेराला टाटांचा चिप कारखाना तैवानच्या पीएसएमसीच्या तंत्रज्ञानावर उभा राहतो आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत: मराठवाड्यातल्या मुलामुलींनी कोटणीसांची वाट धरावी. आधी फार्मसी, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य, आणि सोबत दोन-तीन वर्षे नेटाने चिनी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला विनंती आहे, की विष्णुपुरी परिसरात आणि लातूरच्या उपकेंद्रात चिनीचा संध्याकाळचा प्रमाणपत्र वर्ग चालवावा, आणि चीनहून परतलेल्या आपल्याच डॉक्टरांना तिथे शिकवायला बोलवावे.